तुझ्या नावाच्या दोन खोल्या

शनिवार, २२ जानेवारी १९७७. सकाळची शाळा. ठिकाण: तळ्याचा वरचा काठ.

हजर: सातवीचा वर्ग, तापानं घरी पडलेला सोपान सोडून. शिपाई लक्ष्मणराव. ज्यांच्या घरी तू खोली घेऊन राहायचीस त्या मावशी. सरपंच आप्पा, उशिरा. मी. त्याशिवाय पाणकोंबडी, खंड्या, तुतवार, शेकाट्या, लव्हाळा, पाणकणीस. बेडूक थंडीमुळं रजेवर.

सिंधू, ही हजेरी मी घेतली. घ्यायची ठरवून गेले नव्हते. घंटा झाली, बाकीचे वर्ग बसले, आणि सातवीची खोली रिकामी. लक्ष्मणराव म्हणाले, "तळ्याकडं गेली लेकरं. शनिवार हाय ना." तू गेल्यानंतरचा हा पहिला शनिवार. त्यांना परत आणायला म्हणून मी हजेरीपट घेऊन गेले, तर ती काठावर रांगेत उभी होती, तू उभी करायचीस तशी, पाण्याकडं तोंड करून. आप्पांची नात चंद्रकला म्हणाली, "मोठ्या बाई, हजेरी इथंच घ्या. शेजाऱ्यांची पण घ्या."

तुझी ती पद्धत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. पोळ्याला प्रत्येक पोराला पाणथळीतला एक शेजारी द्यायचा. कुणाला पाखरू, कुणाला गवत, कुणाला गोगलगाय. होळीपर्यंत तो सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे धरायचा नाही, दगड मारायचा नाही. तो काय खातो, कुठं बसतो, कुणाला भितो, एवढं माहीत ठेवायचं. शनिवारी पोराचं नाव पुकारलं की त्यानं स्वतःचं "हजर" म्हणायचं आणि लगेच शेजाऱ्याचं सांगायचं. मी तुला म्हणाले होते, "अगं, तपासणीला साहेब येतील. हजेरीत खंड्या कसा, म्हणून विचारतील." तू हसलीस. "सांगा की बाई, पटसंख्या वाढली म्हणून."

आज मला त्यातलं काही येत नव्हतं. मी साखरा गावची. आमच्याकडं पाणी पावसात दिसायचं आणि मग विहिरीच्या तळाशी. पाखरू म्हटलं की मला कावळा, चिमणी आणि शेतातले पारवे. मी नुसती नावं पुकारत गेले आणि पोरं मला दाखवत गेली. एका ठिकाणी मी आपणहून म्हणाले, "तो बघा तुतवार." मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मोठ्या बाई, तो दगड हाय." सगळी हसली. मीही हसले. मग सगळ्यांनाच एकदम आठवलं की तू नाहीस, आणि मी घाईनं पुढचं नाव पुकारलं.

चंद्रकलाची पाळी आली तेव्हा तिनं कमळपक्ष्याचं "गैरहजर" सांगितलं. मला तिचा मागचा गोंधळ आठवला. पोळ्याला तू तिला तो दिलास तेव्हा त्याची शेपटी विळ्यासारखी लांब होती, आणि पोरगी मिरवत होती की सगळ्यांत देखणा शेजारी आपलाच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती रडत आली. "बाई, माझा मेला. त्याच्या जागी दुसरीच कोण भुंडी येऊन बसली." तूही जाऊन पाहिलंस आणि मान हलवलीस. वर्गानं दोन मिनिटं उभं राहून शोक पाळला. चंद्रकलानं घरी जेवण टाकलं म्हणून आप्पा शाळेत आले, "काहून रडवून राहिल्या लेकराला?" तुला चैन पडेना. तू हिंगोलीला जाऊन कुणाकडून तरी पुस्तक आणलंस आणि सोमवारी वर्गात उभी राहून सांगितलंस, "चंद्रकला, मी चुकले. तो मेला नाही. पावसाळा संपला की तो शेपटी टाकतो. ती भुंडी म्हणजे तोच." मी दारात होते. त्या पोरीचा चेहरा मी विसरणार नाही. वर्गातून कुणीतरी विचारलं, "मग आपण शोक कुणाचा पाळला, बाई?" तू म्हणालीस, "शेपटीचा."

सिंधू, मी तेव्हा तुला बोलले नाही, पण शिकवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी तुझ्याकडून मिळालं. मी इतकी वर्षं शिकवते. चुकले असं वर्गात उभं राहून म्हणायचं मला सुचलं नसतं.

आता भांडणाकडं येते, कारण ते अर्धं राहिलंय.

गाव त्या जागेला चिबड म्हणतं. तळ्याच्या वरच्या अंगाची, नेहमी ओली राहणारी, गुडघाभर गवताची जमीन. तू पाणथळ म्हणायचीस. कागदावर ती शाळेच्या नावानं आहे, आणि दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या तेव्हा पंचायतीनं तीच दाखवली: मुरूम टाकून बुजवा आणि बांधा. मी हो म्हणाले. मला खोल्या हव्या होत्या. का हव्या होत्या, ते तुला माहीत होतं. पावसाळ्यात गळक्या खोल्या सोडून आपण वर्ग मारुतीच्या सभामंडपात बसवतो. मंडपात गावातली पोरं बसतात आणि वस्तीवरची पोरं पायरीवर. पायरीवर पाऊस येतो. मी त्यांना आत या म्हणाले तर तीच येत नाहीत, आणि आली तर दुसऱ्या दिवशी घराघरांतून निरोप येतात. तू तुझा वर्ग सगळाच्या सगळा पायरीवर बसवायचीस आणि स्वतः पावसात उभी राहून शिकवायचीस. मला छप्पर हवं होतं ते एवढ्यासाठी. सरकारी छप्पर, ज्याच्या खाली कोण कुठं बसेल हे मारुती ठरवणार नाही आणि गावही ठरवणार नाही. ते चिबडात होवो नाहीतर चंद्रावर.

तू म्हणालीस, "बाई, छप्पर पायजेच. पण तिथं नको."

मग तू गोणपाटाचा तो धडा घेतलास. पोरांसाठी होता, पण मला मुद्दाम बोलावलंस. शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि एक जुनं गोणपाट, दोन्ही उतरतं ठेवलं. दोन्हींवर एकेक तांब्या पाणी. फरशीवरचं वाहून गेलं आणि ऊन लागून फरशी कोरडीही झाली. गोणपाटाखालच्या परातीत शाळा सुटेपर्यंत थेंब पडत होते. "दुष्काळात तळ्याला भेगा पडल्या होत्या," तू पोरांना विचारलंस, "तेव्हा तुमच्या आयांनी झिरे कुठं खांदले?" सगळी ओरडली, "चिबडात." मलाही आठवलं. बहात्तरचं साल. आपण दोघीही इथं नव्या. बायका वाटी वाटी पाणी त्या ओल्या मातीतून काढायच्या. गावाचा झिरा वेगळा आणि वस्तीचा वेगळा, तरी पाझरत होतं ते एकाच ठिकाणाहून.

शाळा सुटल्यावर मी म्हणाले, "पटलं. पण मग खोल्या कुठं? दुसरी जागा दाखव."

तू माळाकडं बोट केलंस. वस्तीच्या अंगाचा मुरमाड माळ. पाणी साचत नाही, पाया कमी खोल लागतो, जमीन सरकारी. मी दोन्हीकडं चालून पाहिलं. जुन्या शाळेपासून माळ चिबडापेक्षा जवळ. मी तसं लिहून पंचायतीत दिलं. उत्तर आलं, "माळ लांब पडतो." तोंडी आलं, कागदावर नाही. मी चिडून बसले आणि खरं कारण स्वच्छ अक्षरात लिहून काढलं: माळाला लागून बौद्ध वस्ती आहे, आणि आपली पोरं रोज तिकडून जावीत हे गावाला नको आहे.

तो कागद तू वाचलास, घडी केलीस आणि मला परत दिलास. "हे देऊ नका बाई."

"का? खोटं आहे?"

"खरं हाय म्हणून." तू चिडलीस की तुझी बोली तुझ्या गावची, डोंगरकड्याची व्हायची. "आज आप्पा माझं ऐकून घेतात, कारण मी पाण्यावर बोलून राहिले. पाखरांची बाई म्हणतात मला. हे बोलले की मी बाई राहणार न्हाई. मग मी त्या लोकांची. मग मी जे काई सांगंन ते आमच्या लोकांसाठीच सांगून राहिले असं व्हईल. मला पाण्यावर जिंकू द्या."

"आणि नाही जिंकलीस तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्यांदा."

मी म्हणाले, तू पाण्यावर जिंकशीलही, पण पोरं पायरीवरच राहतील. तू म्हणालीस, बाई, तुम्ही एकाच पावसाळ्याचा विचार करता. मी म्हणाले, मुख्याध्यापकाला एकेका पावसाळ्याचाच विचार करावा लागतो. तू डबा उचललास आणि निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी मेथीची भाजी आणलीस आणि आपण त्यावर काही बोललो नाही. मग बोलणं राहतच गेलं.

डिसेंबरच्या शेवटी तुला हुडहुडी भरली. हिवतापवाल्यानं बोटातून रक्त नेलं, गोळ्या दिल्या. तू दोन दिवसांत उभी राहिलीस आणि वर्गावर आलीस. मी घरी जा म्हणाले, तू ऐकलं नाहीस. मग पुन्हा ताप आला तो उतरेचना. औंढ्याहून नांदेडला नेलं तेव्हा मी तुझ्या सोबत जीपमध्ये होते. दवाखान्यात तू शुद्धीवर होतीस. मी डब्यात बाजरीची भाकरी आणली म्हणून कुरकुरलीस, "थंडी हाय म्हणून बाजरी, व्हय? मला ज्वारीचीच पायजे." मी म्हणाले, सोमवारी शाळा उघडून, पगारपत्रक पाठवून मंगळवारी येते, ज्वारीची घेऊन येते. तू हात हलवलास. तुझा भाऊ तुझ्याजवळ होता. सोमवारी रात्री ताप डोक्यात गेला. मंगळवारी सकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा निरोप आला. भाकरी तव्यावर होती. मी ती भाजून काढली, आणखी एक थापली, तीही भाजली. काय करायचं ते सुचत नव्हतं आणि हाताला तेवढंच येत होतं.

डोंगरकड्याला तुझ्या अंगणात सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. मेणबत्त्या होत्या. मला तुमच्या वंदनेचे शब्द येत नाहीत. मावशींनी हात जोडले तेव्हा मी जोडले, त्या बसल्या तेव्हा बसले. तुझी आई मला म्हणाली, "तुमचं नाव रोज निघायचं घरात. म्हणायची, बाई भांडतात पण जेवू घालतात." सिंधू, मला एवढंही पुरलं असतं. पण त्या घरातून निघताना मला वाटत होतं की ते चिबड आजच बुजवावं. मी स्वतः घमेलं उचललं असतं. तुझ्यावर जीव होता म्हणून त्या गवताशी मी इतके दिवस नीट वागले. आता ते गवत आहे आणि तू नाहीस, हे मला सोसत नव्हतं. बसमध्ये खिडकीतून तळं दिसलं तेव्हा मी तोंड फिरवलं.

म्हणून आज आप्पा आले तेव्हा मी त्यांना दोष कुठल्या तोंडानं देऊ.

हजेरी संपत आली होती. आप्पा चिबडाच्या कडेला थांबले आणि त्यांनी टोपी काढली. ते म्हणाले, "बाई, गावानं ठरवलं. बुधवारी सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं की इथं नारळ फोडू. मुरमाच्या गाड्या मंगळवारपासून लागतील. दोन खोल्या, अन् त्यांच्यावर सिंधूबाईंचं नाव. पाटी मी माझ्या खर्चानं करतो." मग पाण्याकडं बघून म्हणाले, "ह्याच चिबडाच्या डासांनी खाल्लं बाईला. ह्याला जित्तं ठेवायचं न्हाई." ते मनापासून बोलत होते, सिंधू. तुझ्या चितेला लाकडं कमी पडू नयेत म्हणून त्यांनीच गाडी पाठवली होती.

चंद्रकला पुढं झाली. "आप्पा, चिबडात डासांच्या अळ्या न्हाईत."

"गप बस."

"बाईंनी बाटल्या भरायला लावल्या होत्या. चिबडाच्या बाटलीत एकबी न्हवती. बारके मासे खातात त्यांना, चतुराची पिल्लं खातात. आडाजवळच्या डबक्यात होत्या. अन् सगळ्यांत जास्त आपल्या गिरणीमागच्या हौदात होत्या. मीच भरली होती ती बाटली."

ते खरं आहे. आप्पांच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन थंड ठेवायला जो सिमेंटचा हौद आहे, तो. त्यात मासा नाही, बेडूक नाही. तुझी खोली आवरायला गेले तेव्हा त्या बाटल्या खिडकीत ओळीनं होत्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तू त्या पुसून ठेवल्या होत्यास, पुढच्या सातवीसाठी.

आप्पा नातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लेकरा, तुझ्या बाटलीनं बाई परत येतील काय?" चंद्रकला रांगेत मागं सरकली.

तेव्हा मावशी बोलल्या. त्या इतका वेळ मागं बसल्या होत्या. "आप्पा, पोरीचं नाव देता, लई चांगलं करता. मंग आमच्या माळावर बांधा ना. तिथं पाणी साचत न्हाई, डास न्हाईत. तिचं येणं-जाणं तिथूनच होतं."

आप्पांनी टोपी घातली. "माळ लांब पडतो, मावशी."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मागितल्यासारखं नाही, नुसतं पाहिलं. आप्पांनीही पाहिलं, कारण मंजुरीचा कागद माझ्या सहीचा आहे आणि जागा बदलायची तर ती मलाच बदलून मागावी लागेल. मी म्हणाले, "बुधवारच्या आधी बोलू, आप्पा." आणि पोरांना रांगेत शाळेकडं चालवलं.

दुपारपासून मी कामं उरकते आहे. सोपानच्या घरी गोळ्या पोचवल्या, ताप उतरतोय. गिरणीमागच्या हौदात रॉकेल टाकायला लक्ष्मणरावांना पाठवलं. आप्पांच्या मुलानं अडवलं नाही. तुझ्या भावाला द्यायची पुस्तकं बांधली. पगाराची कागदपत्रं लावली. जागा बदलण्याचा अर्ज लिहिला. त्यात पाया, निचरा, अंतर, दुष्काळातलं पाणी, सगळं घातलं. तुझे सगळे मुद्दे. पाण्याच्या मुद्द्यावर जेवढं जिंकता येतं तेवढं त्यानं जिंकता येईल. पण तुझ्या नावाची पाटी लागलेल्या खोल्या गावाला हव्यात आणि तुझ्या माणसांच्या दारावरून पोरं जायला नकोत, हे त्या अर्जात कुठंच बसत नाही. ते तोंडानंच सांगावं लागेल.

तू नको म्हणाली होतीस. तेव्हा तुझं बरोबर होतं. ते बोललं असतं तर भोगावं तुला लागलं असतं. आता तुला कोण काय करणार आहे? आणि मी बोलले तर मी कुणाची होणार, हे मला माहीत नाही. कदाचित बदली होईल. कदाचित सभामंडपही बंद होईल आणि सगळीच पोरं पावसात येतील. हे तुला विचारायचं होतं. तू डबा उचलून गेली असतीस तरी चाललं असतं, दुसऱ्या दिवशी आली असतीस ना.

वाक्य तयार आहे. "आप्पा, माळ लांब नाही, मी चालून पाहिलाय. तिथली माणसं तुम्हाला लांब वाटतात. सिंधू त्यांतलीच होती." मी ते खोलीत दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा तुझं नाव आलं तिथं आवाज गेला, म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

उद्या रविवार. आप्पा सकाळी ओट्यावर असतात. जायचं राहिलंय.